बेकार कोणाला म्हणावे?

मी चौथीत असतानाची गोष्ट आहे. सोलापुरातल्या आमच्या चाळीत मोजणीचे कागद घेऊन एक मास्तर आले होते. ओट्यावर बसून ते घरोघरची माणसे लिहून घेत होते. नाव, वय, शिक्षण एवढे झाले आणि मग कामाचा रकाना आला. वडिलांनी स्वतःविषयी सांगितले, "गिरणीत." मास्तरांनी आईकडे बोट करून विचारले, "आणि ह्या?" वडील म्हणाले, "ती घरीच असती की, मास्तर." मास्तरांनी तसे लिहून घेतले. आई तिथेच उंबऱ्याशी बसली होती. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पाने, आणि बोटे विड्या वळीत होती. त्या दिवशीचा तिचा हजाराचा आकडा अजून पुरा व्हावयाचा होता. तिनेही मान वर करून "नाही हो" असे म्हटले नाही.

या प्रसंगात कोणाची लबाडी नव्हती. मास्तर सज्जन होते, वडील खोटे बोलत नव्हते. परंतु आज मी त्या कागदाचा विचार करतो तेव्हा दोन गोष्टी मनात येतात. एक म्हणजे सकाळपासून रात्रीपर्यंत राबणारी बाई त्या कागदावर बिनकामाची ठरली. दुसरी अशी की वडील गिरणीत 'बदली' होते. रोज पहाटे ते फाटकाशी जाऊन उभे राहात. कोणी कायम कामगार गैरहजर असला तर त्याच्या जागी पाळी मिळे, नाही तर डबा तसाच घेऊन परत येत. त्या महिन्यात त्यांना किती पाळ्या मिळाल्या हे कोणी विचारले नाही. अर्धा महिना रिकामा बसणारा माणूस त्या कागदावर कामाचा ठरला.

वाचकहो, देशातील बेकारीचा आकडा आपण वर्तमानपत्रात वाचतो. २०२३-२४ च्या सरकारी पाहणीत पंधरा वर्षांवरील माणसांत बेकारीचे प्रमाण शेकडा ३.२ निघाले. २०१७-१८ साली हेच प्रमाण शेकडा ६ होते. म्हणजे सहा वर्षांत बेकारी जवळजवळ निम्म्यावर आली. हे वाचून कोणी आनंद मानतो, तर कोणी म्हणतो, "छे, हे खरेच नाही." माझे म्हणणे थोडे निराळे आहे. आकडा खोटा नाही. पण तो एका ठराविक प्रश्नाचे उत्तर आहे आणि तो प्रश्न आपण बहुधा वाचलेलाच नसतो. बेकार कोणाला म्हणावयाचे, हा तो प्रश्न. त्याचे उत्तर काळाप्रमाणे बदलत आले आहे, आणि ते कसकसे बदलले हे पाहावयाचे असेल तर आमच्या सोलापूरइतके सोयीचे गाव दुसरे नाही.

'बेकार' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. 'बे' म्हणजे विना आणि 'कार' म्हणजे काम. बोलीत त्याला आणखी एक अर्थ चिकटला आहे. "बेकार माणूस आहे तो" असे आपण म्हणतो तेव्हा त्याच्याजवळ काम नाही असे सांगावयाचे नसते, तो टाकाऊ आहे असे सुचवावयाचे असते. काम नसणे हा माणसाचा दोष आहे, ही समजूत भाषेत अशी मुरली आहे. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी सरकारचीही समजूत जवळजवळ हीच होती.

१८७६-७७ चा दुष्काळ घ्या. दख्खनच्या ज्या जिल्ह्यांना त्याची झळ सर्वात अधिक लागली त्यांत सोलापूर जिल्हा होता. सरकारने तलाव, रस्ते अशी कामे काढली. त्यामागचे तत्त्व असे की जो खरोखर उपाशी आहे तो कमी मजुरीवर अवघड काम करावयास येईलच. जो येत नाही त्याला गरज नाही. मजुरी हीच गरजेची कसोटी. १८७७ च्या जानेवारीत सर रिचर्ड टेंपल यांनी दिवसाला एक रतल धान्य आणि वर किरकोळ पैसे असा दर ठरविला. एवढ्यावर दिवसभर माती उपसावयाची! मुंबई इलाख्यातल्या हजारो मजुरांनी त्या दरावर काम करण्यापेक्षा काम सोडणे पत्करले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारापुढे मांडली. पुढे १८८० चे दुष्काळ आयोग झाले, दुष्काळ संहिता तयार झाल्या. त्यांत एक गोष्ट मान्य झाली की दुष्काळात काम देणे हे सरकारचे कर्तव्य आहे. कसोटीचे तत्त्व मात्र कायम राहिले.

या कसोटीत सोलापूरचे एक मोठे मंडळ बसत नव्हते. ते म्हणजे विणकर. तेलंगणातून आलेले पद्मशाली, इकडचे कोष्टी आणि साळी, मुसलमान विणकर, असे अनेक समाज इथे हातमागावर पोट भरीत होते. पीक बुडाले की लुगडी आणि धोतरे कोण घेणार? शेतकऱ्याच्या शेतात दुष्काळ, तर विणकराच्या मागावर. पण विणकराला खडी फोडावयास पाठविले तर काय होते? ज्या हाताने धोटा फेकावयाचा आणि तुटलेला बारीक धागा सांधावयाचा, त्या हाताला घट्टे पडतात. पाऊस पडल्यावर शेतकरी शेतावर परत जाईल, पण विणकराचा हात मागावर परत येईलच असे नाही. म्हणून १८९६-९७ च्या दुष्काळात विणकरांना त्यांच्याच धंद्यात काम द्यावे, सूत देऊन कापड विणून घ्यावे, ही मागणी पुढे आली. लोकमान्य टिळकांनी त्या वेळी सोलापुरास येऊन इथल्या मंडळींच्या सहकार्याने अशी योजना आखण्यात पुढाकार घेतला होता. सरकारचा प्रतिसाद उत्साहाचा नव्हता. तरी या वादातून एक महत्त्वाचा विचार निघाला. कोणते तरी काम मिळाले म्हणजे बेकारी संपली असे नव्हे. माणसाचे कसब टिकले पाहिजे. हा विचार आजही जुना झालेला नाही.

आता गिरणीकडे वळू. १८६० साली सोलापुरास आगगाडी आली. १८७४ साली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी निघाली. मुंबईचे मोरारजी गोकुळदास हे तिचे संस्थापक. दुष्काळ चालू असतानाच या गिरणीचे काम सुरू झाले. पुढे आणखी गिरण्या निघाल्या तेव्हा लोक हिला 'जुनी मिल' म्हणू लागले आणि तेच नाव रूढ झाले. लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जाम या गिरण्यांची नावे सोलापूरच्या जुन्या माणसांना आजही पाठ आहेत.

गिरणीने गावाला भोंगा दिला. भोंग्याबरोबर आणखी एक गोष्ट आली, ती म्हणजे कामावर असणे आणि कामावर नसणे यांतली काटेकोर रेघ. शेतात किंवा मागावर ही रेघ पुसट असते. घरातले एकच काम चौघे वाटून घेतात आणि कोणी रिकामा दिसत नाही. गिरणीत तसे नाही. हजेरीपटावर नाव आहे किंवा नाही. इंग्लंडातदेखील बेकारीचा इंग्रजी शब्द एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीशेवटी प्रचारात आला, तो कारखानदारी वाढल्यावरच. १९११ साली तिथे बेकारीच्या विम्याचा पहिला कायदा झाला आणि विमा उतरलेल्या कामगारांपैकी किती जण कामावाचून आहेत हे मोजता येऊ लागले. ध्यानात घ्या, की बेकारीचे प्रमाण मोजण्याची आधुनिक पद्धत अशा देशांत घडली जिथे बहुतेक माणसे पगारी होती आणि काम गेले तर विम्याचे पैसे मिळत. आमच्याकडे ही दोन्ही नव्हती.

गिरणीच्या सोलापुरात आणखी एक जागा होती. तिचाही उल्लेख इथे केला पाहिजे. इंग्रज सरकारने ज्या जमातींवर 'गुन्हेगार' असा शिक्का मारला होता, त्यांची एक मोठी वसाहत सोलापुरात होती. भोवती तारेचे कुंपण होते. हजेरी सक्तीची होती, आणि परवानगीवाचून बाहेर राहणे हा गुन्हा होता. तिथली माणसे गिरण्यांत कामाला पाठविली जात. त्या कुंपणाच्या आत बेकारीचे प्रमाण काढले असते तर ते अगदी थोडे निघाले असते. ते भूषणावह होते असे कोण म्हणेल? १९५२ च्या ३१ ऑगस्टला तो कायदा रद्द झाला. तो भाग आजही 'सेटलमेंट' या नावानेच ओळखला जातो. प्रमाण कमी आहे एवढ्यावरून माणसे सुखात आहेत असा निष्कर्ष काढणाऱ्याने तिकडे एक फेरी मारावी.

आता मी १९४९ सालाकडे येतो. माझ्या मते सोलापूरच्या आणि देशाच्याही बेकारीच्या इतिहासातले ते मोठे वळण आहे. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये जुनी मिल बंद पडली. कारभार बिघडला होता. हजारो कामगार रस्त्यावर आले. पूर्वीच्या काळी सरकारने याला मालकाचा खाजगी मामला म्हटले असते. या वेळी तसे झाले नाही. १९५० च्या जानेवारीत, म्हणजे भारताची राज्यघटना अमलात येण्याच्या काही दिवस आधी, केंद्र सरकारने केवळ या एका गिरणीसाठी वटहुकूम काढला आणि तिचा कारभार आपल्या हाती घेतला. एप्रिलमध्ये संसदेने त्याचा कायदा केला. त्या कायद्याच्या प्रारंभी कारण दिले आहे. गैरव्यवस्था आणि हयगय यांमुळे एका अत्यावश्यक वस्तूच्या उत्पादनाला बाध आला असून समाजातील एका वर्गात गंभीर बेकारी निर्माण झाली आहे, असा त्याचा आशय आहे. एका गावातली बेकारी हे खाजगी मालमत्तेच्या कारभारात हात घालण्याचे पुरेसे कारण आहे, असे देशाच्या कायद्याने या निमित्ताने लिहून ठेवले.

गोष्ट इथे संपली नाही. एक भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेला. देशात गिरण्या पुष्कळ आहेत, मग कायदा आमच्याच कंपनीसाठी का, असा त्याचा सवाल होता. १९५० च्या ४ डिसेंबरला न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा मतांनी त्याचा अर्ज फेटाळला. नव्या न्यायालयाच्या अगदी पहिल्या वर्षातला हा खटला समतेच्या हक्काविषयीचा निकाल म्हणून कायद्याचे विद्यार्थी आजही अभ्यासतात. मग दुसरा भागधारक उभा राहिला. सरकारने नेमलेल्या संचालकांनी भागांवरील उरलेली रक्कम मागितली होती, तिला त्याने हरकत घेतली. १९५३ च्या १८ डिसेंबरला न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. भरपाई न देता कारभार काढून घेणे हे मालमत्ता काढून घेण्यासारखेच आहे, असा त्याचा मथितार्थ होता. यावर १९५५ साली चौथी घटनादुरुस्ती झाली. सार्वजनिक हितासाठी किंवा चांगल्या कारभारासाठी एखाद्या मालमत्तेचे व्यवस्थापन मर्यादित काळापुरते सरकारला हाती घेता यावे, अशी तरतूद घटनेत आली. सोलापूरच्या एका गिरणीचा भोंगा थांबला, आणि त्याचा पडसाद राज्यघटनेपर्यंत गेला!

याच सुमारास दुसरीही एक गोष्ट घडली. १९५३ साली औद्योगिक कलह कायद्यात दुरुस्ती होऊन कामगाराला काम देता आले नाही तर निम्मा पगार, आणि छाटणी झाली तर नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, अशी भरपाई ठरली. १९७४ साली देशातील १०३ आजारी गिरण्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. काम जाणे हा कामगाराचा दोष नव्हे, ही गोष्ट राज्याने अशा रीतीने मान्य केली. टेंपलच्या रतलभर धान्यापासून इथवरचा प्रवास लहान नाही. त्याचे श्रेय संघटित कामगाराला आणि नव्या प्रजासत्ताकाला दिलेच पाहिजे.

परंतु या छत्रीखाली उभे कोण होते? ज्याचे नाव हजेरीपटावर होते तो. बदली कामगार काठावर भिजत होता. हातमागावाला आणि यंत्रमागावाला छत्रीबाहेर होते. आणि विड्या वळणारी बाई तर त्या छत्रीच्या जवळपासही नव्हती. कारखान्यातून पाने आणि तंबाखू घेऊन जावयाचे, घरी विड्या वळावयाच्या, दुसऱ्या दिवशी नेऊन द्यावयाच्या, नापास ठरतील त्या वजा जाता हजारामागे मजुरी घ्यावयाची. मालक म्हणे, "ही आमची कामगार नव्हे, हिच्याकडून आम्ही माल घेतो." घरचे म्हणत, "ही काम करीत नाही, घरीच असते." मालक आणि नवरा यांचे एवढ्या बाबतीत एकमत होते.

१९६६ साली विडी आणि सिगार कामगारांचा कायदा झाला. घरी बसून काम करणारीलाही त्याने कामगार म्हटले. मालकांनी कज्जे केले. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा उचलून धरला. १९७६ साली कल्याण निधीचा कायदा आला. मग सोलापूरच्या बायकांच्या हाती ओळखपत्रे आली, भविष्यनिर्वाह निधीची भाषा आली, मुलांना शिष्यवृत्ती मिळू लागली. २००६ साली सोलापूरजवळ कुंभारी येथे विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. गोदूताई परुळेकर यांचे नाव तिला दिले आहे. हे सर्व का घडले? बायका अधिक काम करू लागल्या म्हणून नव्हे. काम तर त्या पूर्वीही करीतच होत्या. त्यांना कामगार म्हणून मोजले गेले, म्हणून घडले. मोजणी ही नुसती कारकुनी नाही, एवढे यावरून आपल्या ध्यानात येईल.

आता मोजणीचाच इतिहास थोडा पाहू. १९६१ च्या जनगणनेत कामगाराची व्याख्या ऐसपैस होती. हंगामी कामाच्या बाबतीत हंगामाच्या बहुतेक काळात दिवसाला तासाभराहून अधिक नियमित काम केले तरी ती व्यक्ती कामगार धरली जाई. १९७१ साली प्रश्न बदलला. तुमचा मुख्य व्यवसाय काय, असे प्रथम विचारले गेले. परिणाम काय झाला? १९६१ साली देशात काम करणाऱ्या स्त्रिया सुमारे ५.९ कोटी होत्या, त्या १९७१ साली सुमारे ३.१ कोटी भरल्या. दहा वर्षांत पावणेतीन कोटी बायका कामे टाकून घरी बसल्या काय? मुळीच नाही. मुख्य व्यवसाय कोणता म्हटल्यावर घरोघरी एकच उत्तर आले असणार, "ती घरीच असती की!"

असले घोटाळे जाणत्यांच्या लक्षात येऊ लागले होते. नियोजन आयोगाने अर्थशास्त्रज्ञ एम. एल. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९७० साली तिचा अहवाल आला. तिचे मुख्य सांगणे असे की आपल्यासारख्या देशात बेकारीचा एकच आकडा काढणे व्यर्थ आहे. इथे एकच माणूस आज मजूर, उद्या रिकामा आणि परवा स्वतःच्या शेतावर असतो. तेव्हा वर्षभराची स्थिती निराळी, आठवड्याची निराळी आणि रोजची निराळी मोजावी. या विचाराला धरून राष्ट्रीय नमुना पाहणीने १९७२-७३ साली रोजगाराची मोठी पाहणी केली.

आणि १९७२-७३ हेच महाराष्ट्रातल्या भयंकर दुष्काळाचे वर्ष! एकीकडे पाहणीदार बेकारी मोजीत होते, आणि दुसरीकडे ती रस्त्यावर खडी फोडीत बसलेली उघड्या डोळ्यांनी दिसत होती. सोलापूर जिल्ह्यातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. पाझर तलाव, नालाबांध, मुलांना मिळणारी सुकडी, या गोष्टी ते अजून कालच्यासारख्या सांगतात. १९७३ च्या मे महिन्यात राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. या अनुभवातून रोजगार हमी योजनेला बळ आले. तिचे प्रणेते वि. स. पागे सांगली जिल्ह्यातल्या विसापूरचे. १९६५ च्या सुमारास तासगाव तालुक्यात त्यांचा पहिला प्रयोग झाला होता. १९७७ साली विधिमंडळाने कायदा केला आणि १९७९ च्या २६ जानेवारीपासून तो अमलात आला. काम मागणाऱ्याला पंधरा दिवसांत काम द्यावयाचे, न दिल्यास बेकारी भत्ता द्यावयाचा. खर्चासाठी नोकरदार आणि धंदेवाल्यांवर व्यवसाय कर बसला. काम मिळणे हा हक्क आहे असे महाराष्ट्राने देशात सर्वांआधी कायद्याने म्हटले. पुढे २००५ साली केंद्राने ग्रामीण भारतासाठी जो कायदा केला, त्याची वाट इथूनच गेली.

दुष्काळी कामाची शंभर वर्षांपूर्वीची कसोटी आणि ही हमी यांत काम तेच होते, माती तीच होती. फरक एवढाच, पण तो फार मोठा, की पूर्वी मजूर आपली गरज सिद्ध करावयास येई आणि आता आपला हक्क मागावयास येऊ लागला. मात्र ही हमी खेड्यांसाठी होती. सोलापूरच्या नाक्यापाशी येऊन ती थांबली. १९९० नंतरच्या दशकात शहरातल्या गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, तेव्हा नाक्याच्या आतल्या माणसाजवळ अशी कोणतीही हमी नव्हती.

माझे वडील त्याच काळात घरी बसले. गिरणीचे नाव सांगण्याचे कारण नाही; गोष्ट एका गिरणीची नव्हती. बदली माणसाला भरपाई ती काय मिळणार? पण एक सांगतो. ते चार महिनेसुद्धा 'बेकार' राहिले नाहीत. प्रथम एका यंत्रमागावर रात्रपाळी, मग भाजीची गाडी, मग एका दुकानाची राखण. त्या काळात कोणी मोजावयास आले असते तर प्रत्येक वेळी ते कामावरच सापडले असते. मिळकत मात्र निम्म्याहून खाली आली होती. घर चालले ते आईच्या सुपावर.

म्हणून आता आजच्या आकड्याकडे पुन्हा या. जगभर १९८२ पासून असा संकेत आहे की आठवड्यात एक तास जरी काम केले तरी माणूस कामावर आहे असे धरावे. आपल्या साप्ताहिक मोजणीतही हाच नियम आहे. घरच्या दुकानात किंवा शेतात बिनपगारी हातभार लावणारा माणूसही कामावरचाच. यात फसवणूक नाही. थोडेसे कामही नजरेतून सुटू नये हा उद्देश आहे. पण त्यामुळे बेकारीचे प्रमाण आपल्याला फार थोडी गोष्ट सांगते. अजिबात काम नसून काम शोधीत राहणे ज्यांना परवडते, मुख्यतः त्यांचाच तो आकडा आहे. गरिबाला बेकार राहणे परवडत नाही. म्हणूनच २०२३-२४ साली सर्वांचे प्रमाण शेकडा ३.२ असताना पंधरा ते एकोणतीस वयाच्या तरुणांत ते शेकडा १०.२ होते. माझ्या वर्गातून बाहेर पडलेली मुले त्यांतच आहेत. घरून दोन-तीन वर्षे पोसली जातात तोवर ती स्पर्धा परीक्षांची पुस्तके घेऊन अभ्यासिकेत बसतात आणि आकड्यात दिसतात. घरची ऐपत संपली की पुण्याची गाडी धरतात किंवा मिळेल ते करतात, आणि आकड्यातून नाहीशी होतात.

त्याच पाहणीत आणखी दोन आकडे आहेत. श्रमबाजारात असलेल्या स्त्रियांचे प्रमाण २०१७-१८ साली शेकडा २३.३ होते, ते २०२३-२४ साली ४१.७ झाले. तसेच काम करणाऱ्यांपैकी स्वतःच्या किंवा घरच्या धंद्यात असणारे शेकडा ५२ होते, ते ५८ झाले. बेकारी उतरली ती या वाटेने. यांतल्या किती बायका नव्याने कामाला लागल्या आणि किती पूर्वीपासून करीत होत्या पण आता लिहिल्या गेल्या, याविषयी जाणत्यांत मतभेद आहेत. एवढे मात्र दिसते की वाढ झाली ती नियमित पगाराच्या कामात नव्हे.

मग पुढे काय पाहावयाचे? बेकारीचा नवा आकडा येईल तेव्हा आपण तो जरूर वाचावा. आता तर तो महिन्यामहिन्याला येतो. २०२५ च्या एप्रिलपासून ही नवी पद्धत सुरू झाली आहे. पण त्याबरोबर चार प्रश्न विचारावे. काम आहे ते महिन्यातले किती दिवस? त्यावर घर चालते काय? माणसाचे कसब त्यात टिकते की वाया जाते? आणि ते काम गेले तर त्याच्या मागे कोण उभे आहे? विणकराने १८९७ साली तिसरा प्रश्न विचारला होता. जुन्या मिलच्या कामगाराने १९४९ साली चौथा विचारला आणि संसदेला उत्तर द्यावे लागले. पहिले दोन प्रश्न माझ्या आईवडिलांचे आहेत. ते विचारणारे कोणी त्या दिवशी आमच्या ओट्यावर आले नव्हते.

आईची बोटे आता चालत नाहीत. परवा मी तिला तो प्रसंग सांगितला आणि विचारले, "तू तेव्हा बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "बोलत बसले असते तर हजार कधी झाल्या असत्या?"

वाचकहो, पुढची मोजणी आपल्याही दारात येईल. त्या वेळी घरातल्या प्रत्येकाच्या कामाविषयी थोडा विचार करून उत्तर द्यावे, एवढीच विनंती.